पेटीची ओटी

शेवटचा खिळा ठोकला की मिस्त्री हातोडी खाली ठेवायचे, पेटीच्या झाकणावर तळवा टेकवायचे आणि म्हणायचे, "जा बये, सुखानं नांद." मग लॉरीवाल्याला हाक मारायचे. ही पाठवणी झाल्याशिवाय आमच्या कंपनीचा एकही पंप परदेशी गेला नाही.

चिंचवडच्या त्या कंपनीत मी निर्यात विभागात कारकून होतो आणि मिस्त्री पॅकिंगमध्ये सुतार. ते राहायला कासारवाडीच्या जुन्या गावठाणात. घरात तीन मुलगे, मुलगी नाही. लेक सासरी धाडायची हौस ते कंपनीच्या खर्चानं भागवून घेतात, असं आम्ही चिडवायचो.

"हसा लेको," ते म्हणायचे. "रिकाम्या हातानं पोर धाडू व्हय?"

आम्हाला वाटायचं, ही नुसती बोलण्याची तऱ्हा. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याचं बोलणं गमतीचं वाटतं आणि ते अक्षरशः खरं निघतं.

सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियाचं गिऱ्हाईक मिळालं आणि त्याच्यामागून नियम आले. पेटीच्या लाकडाला साल नको, आत पेंढा नको, गवताची काडी नको, कसलं बी नको. पेंढ्याशिवाय पंप बांधायचा म्हणजे मिस्त्रींच्या मते बाळाला दुपट्याशिवाय निजवायचं. तरी कुरकुरत त्यांनी कागदाचा चुरा वापरायला सुरुवात केली. "लई सोवळ्याचं घर गावलंय," एवढं मात्र ऐकवलं.

आणि एके दिवशी तार आली. एका पेटीत तांदूळ, सुपारी आणि हळकुंड सापडलं होतं. सगळी खेप तिकडच्या बंदरात अडकली होती. आणखी पेट्यांत असलं काही निघालं तर सगळा माल परत येणार आणि गिऱ्हाईक कायमचं जाणार.

मी कपाळावर हात मारला. या माणसानं पेटीची चक्क ओटी भरली होती!

साहेब तापले. "कोण आहे तो? आजच्या आज घरी बसवतो." पॅकिंगमधले सगळे एकदम खिळे वेचायला लागले. मिस्त्रीही म्हणाले, "मला न्हाई ठावं." म्हणताना नजर जमिनीवर होती.

मला राग आला नाही, भीती वाटली. किती पेट्यांत ओटी आहे हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना कुंपणाकडे नेलं. तिथं गाजरगवत कमरेएवढं माजलं होतं. त्या गवतानं मिस्त्रींच्या हातांना कायम खाज सुटायची आणि ते त्याला मनसोक्त शिव्या घालायचे.

"मिस्त्री, हे गवत आलं कुठून?"

"परदेशी गव्हातनं आलं म्हणत्यात. मेल्यांनी गहू चाळून तरी धाडायचा."

"मग ते लोक आपली पेटी झाडून घेतात, त्यांचं काय चुकलं?"

मिस्त्री हात खाजवायचे थांबले. "आपल्या हळकुंडानं त्यांच्या रानाला अशी खाज सुटंल व्हय?"

"सुटेलच असं नाही. पण त्यांना भीती वाटते."

त्यांनी गवताचा एक शेंडा मोडून फेकून दिला. मग म्हणाले, "भाऊसाहेब, ओटी एकाच पेटीची भरलीया. थोरलीची. बाकीच्या करवल्या."

साहेबांसमोर त्यांनी तेच सांगितलं. साहेबांनी टेबलावर हात आपटला. "बाकीच्या पेट्या स्वच्छ निघाल्या तर राहाल. नाही तर तुमचं इथलं काम संपलं." बाकीच्या पेट्या उघडून बघा, अशी मी लगेच तार केली.

पुढचे दिवस वाईट गेले. सकाळी कामावर आले की मिस्त्री आधी माझ्या खिडकीशी. "सासरचा काय सांगावा?" विचारायचे चेष्टेनं, पण आवाज कोरडा असायचा. घरी त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

अखेर उत्तर आलं. करवल्या निर्मळ निघाल्या होत्या. थोरलीला औषधाची धुरी दिली होती आणि माल सुटला होता. मी पॅकिंगमध्ये धावतच गेलो. मिस्त्री मटकन एका खोक्यावर बसले, टोपीनं तोंड पुसलं आणि म्हणाले, "नांदली म्हणायची." त्या दिवशी कँटीनचा पाणचट चहासुद्धा मला गोड लागला.

त्यानंतर ओटी बंद झाली असं समजू नका. थोरल्या पेटीसमोर ती धरायची, परत पिशवीत घालायची, मग पेटीचे कोपरे हातानं झाडायचे आणि म्हणायचं, "काय न्हाई." तांदूळ घरी जाऊन चिमण्यांना.

निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ पिशवीत घालून ते फाटकाशी आले. वॉचमननं सवयीनं पिशवी उघडायला सांगितली. आम्ही त्याच्यावर ओरडलो.

"बघू द्या की," मिस्त्री म्हणाले. "कोपरं बी बघ रं." आणि सायकलवर टांग मारून कासारवाडीकडे निघून गेले.

त्याच संध्याकाळी ऑस्ट्रेलियाची एक पेटी निघायची होती. शेवटचा खिळा बसला. कुणी लॉरीवाल्याला हाक मारेना. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी कारकून माणूस, असलं कधी केलं नव्हतं. लाजत लाजत झाकणावर तळवा टेकवला आणि म्हणालो, "जा बये."

पुढचं मला म्हणवेना. ते मागून सगळ्यांनी म्हटलं.