पाठकोऱ्या कागदाचा पंचनामा

उमरेडच्या एका मुलीला आमच्या पोलीस ठाण्यानं गोत्यात आणलं. ठाणं माझं होतं आणि गुन्हा उघडकीला आणणाराही मीच. निवृत्त झालो, तरी ती सकाळ डोक्यातून जात नाही.

नागपुरात बसस्थानकाजवळ आमचं ठाणं. मुलगी शिवणकाम करणारी. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"साहेब, आठ दिवसांवर लग्न आहे. मले फिट येतात म्हणून नवरदेवाचे मामा लग्न मोडून राहिले. म्हणतात, फसवलं."

"नवरदेवाले सांगतलं नव्हतं?"

"पहिल्याच भेटीत सांगतलं. गोळ्या चालू आहेत, दोन वर्षांत एकबी फिट नाही. पण त्यांच्या घरी मामांचंच चालते. अन् त्यांच्यापाशी माझा दवाखान्याचा कागद आहे. तो कुठून आला?"

वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा नुकताच आला होता. त्याच्या एक दिवसाच्या प्रशिक्षणात मी दोनदा जेवलो होतो, म्हणजे विषयातला जाणकारच. आधी दवाखान्यात जाऊन आवाज चढवला. तिथल्या लिपिकानं शांतपणे कुलूपबंद कपाट दाखवलं. दोन सह्यांशिवाय फाईल बाहेर निघत नव्हती. मग ज्याच्याकडून तिनं दवाखान्याच्या कागदांच्या प्रती काढल्या होत्या, त्या झेरॉक्सवाल्याला धरलं.

"साहेब, बिघडलेली कॉपी मी जागेवरच फाडतो. तुमच्या ठाण्यात काय करता?"

"प्रश्न मी विचारतो गा!" असं ओरडून मी निघालो. तिथंच थांबून त्याला उत्तर दिलं असतं, तर दोन दिवस वाचले असते.

शेवटी एका सकाळी मामांना बोलावलं. भिवापूरचे मिरचीचे व्यापारी. तासभर विचारलं, कागद कोणी दिला? माणूस मिशीवरून हात फिरवत बसला. मी कुहीच्या बाजारात आईसोबत वांगी विकत वाढलो, शिपाई म्हणून भरती झालो आणि निरीक्षक होऊन बाहेर पडलो. अडून बसलेल्या माणसाशी घासाघीस करायची नसते, सरळ चालायला लागायचं असतं. मी टोपी घातली.

"कागदच नसंल तुमच्यापाशी. ऐकीव गोष्टीवर पोरीचं लग्न मोडून राहिले. जा घरी."

मामांनी खिशातून घडी काढून टेबलावर आपटली. "नसंल कसा? तुमच्याच ठाण्यानं देला!"

कागद उलटला. मागच्या बाजूला मामांच्या हरवलेल्या मोबाईलचा दाखला. ठाण्याचा गोल शिक्का. खाली माझी सही.

हवालदार पंख्याकडे पाहू लागला.

झालं होतं असं. लग्नाची खरेदी करायला दोन्ही घरची माणसं एकाच बसनं नागपूरला आली. गर्दीत मामांचा मोबाईल गेला आणि मुलीची पिशवी गेली, आत दवाखान्याची फाईल. मुलीनं त्याच दिवशी आमच्याच ठाण्यात तक्रार दिली, घरी असलेल्या कागदांच्या प्रती दुसऱ्या दिवशी जोडल्या. त्यातली एक जास्तीची प्रत पाठकोऱ्या कागदांच्या ट्रेमध्ये पडली. मामा दाखल्याला आले आणि छपाईयंत्रानं नेमका तोच कागद ओढला. एका बाजूनं कोरा कागद वाया घालवायचा नाही, हा नियम माझा. वरून कागदाचे रिम येत नव्हते. मागणीचा अर्ज तीन प्रतींत लागे, आणि तो लिहायला कागद नसे.

नवरदेव बाहेर बाकावर होता, शेजारी मुलगी. आत येऊन म्हणाला, "मामा, मले सगळं माहीत होतं."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"लग्न तुम्ही करून राहिले का?" हे मी ओरडलो. मामांनी हट्ट सोडला. लग्न ठरल्या तारखेला लागलं.

पण त्या सकाळी ठाण्यातून जाताना मुलगी दारात थांबली. "मामांनी कागद गावभर वाचून दाखवला, साहेब. तो आता कोण परत घेईन?"

मी चिडका माणूस, उत्तर नेहमी तोंडावर असतं. त्या दिवशी मात्र चूक कबूल केली. त्याच सकाळी ट्रे रिकामा केला, कागद फाडायला लावले, स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि स्वतःच्याच ठाण्याविरुद्ध वर अहवाल पाठवला. सोबत रिमची मागणीही केली.

रिम आले नाहीत. मला कारणे दाखवा नोटीस आली. सवयीनं उलटून पाहिली, तर मागे एका शिपायाच्या रक्तातल्या साखरेचा अहवाल, नावपत्त्यासकट. शिपायाचं नाव काळ्या शाईनं खोडून तो कागद मी अजून जपला आहे.

माझी चूक होती. ती मी मुलीसमोर कबूल केली आणि लेखी खुलासाही दिला. त्या नोटिशीवर ज्या साहेबांची सही आहे, रिम का दिले नाहीत याचा त्यांचा खुलासा मात्र अजून यायचा आहे. तो त्यांनी द्यावा. उमरेडला जाऊन, त्या मुलीसमोर उभं राहून द्यावा. आणि लेखी देणार असतील, तर कोऱ्या कागदावर.