केसरबाईच्या ओल्या ताट्या

मे महिन्यात चंद्रपूरच्या रस्त्यावर दुपारी कुत्रंही फिरकत नाही, तेव्हा बाबूपेठेतली केसरबाई डोक्यावर वाळ्याचा भारा घेऊन घरोघर जाते. कूलरच्या कुजलेल्या ताट्या काढायच्या, नवा वाळा भरायचा, जाळी बांधायची. एकोणीस उन्हाळे तिने असेच काढले.

उन्हाला ही बाई भीत नाही, असं लोक म्हणत. खरं तर तिच्याइतकं कोणीच भीत नव्हतं. तिचा नवरा रामाजी एका दुपारी वीटभट्टीवरून घरी आला तो काहीबाही बरळत. अंगाला घामाचा टिपूस नाही. घाम नाही म्हणजे ऊन लागलं नाही, असं समजून तिने त्याला निजवलं. चहा घेऊन हाक मारायला गेली, तर तो संपला होता.

यंदा पारा सत्तेचाळीसला टेकला, त्या दिवशी ती माधवीबाईंच्या घरी ताट्या बसवत होती. शेजारी बांधकाम चाललेलं. तिथला एक मजूर, धानोऱ्याकडचा सुकलू, रिकाम्या घमेल्याभोवती गोल गोल फिरू लागला आणि कोसळला.

"पिऊन हाय तो. पडू द्या," मिस्त्री म्हणाला.

केसरबाई धावली. तिने सुकलूच्या मानेला हात लावला. तव्यासारखी तापलेली, आणि कोरडी ठक्क!

"दारू नाई हे! उचला याले! बाई, गाडी बोलवा दवाखान्याची!"

चौघांनी त्याला माधवीबाईंच्या खोलीत आणलं. एकाने तोंडाशी तांब्या धरला.

"तोंडात नोको टाकू, शुद्ध नाई त्याले! अंगावर टाक!"

तिने त्याचा सदरा फाडला, नव्याकोऱ्या ताट्या टाक्यात बुडवल्या, दोन त्याच्या अंगाखाली सरकवल्या, एक छातीवर ठेवली. कूलरचा पंखा त्याच्याकडे वळवला. ताट्या गरम झाल्या की ती पुन्हा भिजवत होती. खोलीभर वाळ्याचा वास दाटला.

बऱ्याच वेळाने त्याच्या कपाळावर एक थेंब दिसला. ताटीचं पाणी असेल म्हणून तिने पदराने पुसला. तो पुन्हा आला. मग शेजारी दुसरा, तिसरा.

घाम होता तो! आतून आलेला. केसरबाईचे हात जागच्या जागी थांबले. उन्हाने जे सारं आटवून टाकलं होतं, ते हाडामांसाच्या कुठल्या तळातून वर येत होतं? देवळातही ती कधी अशी स्तब्ध उभी राहिली नव्हती.

गाडी आली, सुकलूला घेऊन गेली. नऊ दिवसांनी तो चालत तिच्या दारात आला, हातात चारोळीची पुडी.

"मावशी, मले काईच आठवत नाई. का झालं होतं?"

तिने पुडी घेतली.

"तुले घाम आला, बाबू," ती म्हणाली आणि त्याला सावलीत बसायला पोतं अंथरलं.