यंदाचं मान्यतापत्र

"हा ड्रेस काढ आणि ही साडी नेस. आज तू मावशी."

मॅडमनी हिरवी साडी माझ्या हातात दिली. आयाबाईंची. धुतलेली होती, पण दुसऱ्या बाईची. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या पत्नी. जळगावातल्या त्या खासगी दवाखान्याचा सगळा कारभार त्यांच्या हातात. मी तिथे अकरा वर्षं सिस्टर. पांढरा ड्रेस, खिशाला पेन, खिशात छोटी डायरी. कोणत्या खाटेला कोणतं इंजेक्शन, किती सलाइन उरल्या, कोणती चादर धुवायला गेली, सगळं त्या डायरीत. डॉक्टरसुद्धा फाइल बघायच्या आधी मला विचारायचे.

त्या दिवशी तपासणीचं पथक येणार होतं. दवाखान्यात नोंदणी असलेल्या नर्स किती, ते बघायला. तशा दोघींची प्रमाणपत्रं भिंतीवर फ्रेममध्ये होती. एक यावलची, एक मुक्ताईनगरची. त्या आपल्या प्रमाणपत्राचं महिन्याला भाडं घ्यायच्या आणि तपासणीच्या दिवशी एसटीने येऊन ड्रेस घालून बसायच्या. रोजचं काम आम्ही चौघी करायचो. आमची नोंदणी नव्हती. दर तपासणीला आम्हाला मागच्या जिन्याने घरी पाठवत. या वेळी मावशी रजेवर होती. म्हणून मला थांबवलं.

मी साडी घेऊन तशीच उभी राहिले.

मॅडम म्हणाल्या, "काय झालं? झाडू धरायला तुला काही शिकवावं लागणार नाही."

हसत म्हणाल्या. काउंटरवर बिलं करणाऱ्या दोघीही हसल्या. माझं आडनाव त्यांना माहीत होतं. आमची वस्ती माहीत होती. घरात बुद्धाचा फोटो आहे, तेही माहीत होतं. वाक्य साधंच. त्याच्या पोटात काय आहे ते सगळ्यांना कळलं.

मी साडी नेसले. पोछा घेतला.

पथक जनरल वॉर्डात आलं. यावलची सिस्टर टेबलाशी बसलेली, हातात पेन. पारोळ्याकडच्या एक म्हाताऱ्या अक्का तिसऱ्या खाटेवर होत्या. त्यांची सलाइन संपत आली होती. त्यांनी टेबलाकडे बघितलंच नाही. मला हाक मारली. "ओ सिस्टर, हाई बाटली सरनी वं."

यावलची सिस्टर उठली. "मावशी आहेत त्या, आजी. मी बघते."

अक्का उसळल्या. "मावशी कशी? काल मना हातले सुई हिनीच लाई! मी काय आंधयी शे का?"

पथकातल्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मॅडम दारात.

"मावशीच आहे मी, अक्का," मी म्हणाले.

हे मॅडम बोलल्या असत्या तर मी त्यांना आयुष्यभर शिव्या दिल्या असत्या. पण बोलले मी. माझ्या तोंडाने. अक्कांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पुढे डिस्चार्ज होईपर्यंत त्यांनी मला हाक मारली नाही.

*

माझी नोंदणी का नव्हती, ते सांगते. कुणालाच सांगितलं नव्हतं.

बारावीनंतर आबा मला धुळ्याला घेऊन गेले होते. आबा म्हणजे माझे वडील. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. एका दुकानाच्या माडीवर नर्सिंगची संस्था होती. पाटीवर लिहिलेलं 'शासनमान्य', खाली नोंदणी क्रमांक. आबांनी तो क्रमांक मोठ्याने वाचला. म्हणाले, "देख, सरकारी नंबर शे."

नंबर खरा होता. पण तो संस्थेच्या ट्रस्टचा. कोर्सला मान्यता देणारी परिषद वेगळी असते, तिचं पत्र वेगळं असतं आणि ते दर वर्षी बघायचं असतं, हे आम्हाला कोण सांगणार? आबांनी ऑफिसात एकच प्रश्न विचारला. "साहेब, फी हप्त्याने चालंल का?" साहेब हो म्हणाले. आबांनी हात जोडले. आमच्यात तोच शिरस्ता. ऑफिसात शिरलं की हात जोडायचे. खुर्ची दिलीच तर टोकावर बसायचं. प्रश्न विचारला तर साहेब रागावतील, साहेब रागावले तर हातची संधी जाईल.

दोन वर्षांनी सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळालं. नोंदणी करायला एकटी मुंबईला परिषदेच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाईंनी कागद हातातही घेतला नाही. वरूनच वाचला. "ही संस्था आमच्या यादीत नाही. पुढचे या."

पुढचे आले. मी बाजूला झाले.

घरी येऊन आबांना सांगितलं, नोंदणी झाली. त्यांनी प्रमाणपत्र फ्रेम करून बुद्धाच्या फोटोशेजारी लावलं. वस्तीतल्या प्रत्येकाला सांगितलं. त्यांना ताप आला तरी ते डॉक्टरकडे जायचे नाहीत. "मनी पोर सिस्टर शे." तसंच मानत ते गेले. लग्न झालं, नवऱ्याला सांगितलं नाही. तो कामाला सुरतला गेला आणि तिकडचाच झाला. मुलीला सांगितलं नाही. ती फ्रेमकडे बघत मोठी झाली. मी फ्रेमकडे पाठ करून भाकरी थापत राहिले.

खोटं बोलणाऱ्याला लोक सोबतीला लागतात म्हणतात. मला कुणीच नव्हतं. मी आणि ती फ्रेम.

*

तपासणी झाली त्याच संध्याकाळी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. खूश होत्या.

"आज तू शहाण्यासारखी वागलीस. मुलगी बारावी झाली ना तुझी? नर्सिंगला घालायचीय?"

"हो मॅडम. सीईटी दिलीय. सरकारी प्रवेशफेरीत नाव टाकलंय."

"फेरीबिरीच्या नादाला लागू नकोस. माझ्या दिरांचं कॉलेज आहे धुळ्याला. बीएस्सी नर्सिंग. मॅनेजमेंटची सीट देते, अर्ध्या फीमध्ये. मुलीचे ओरिजिनल कागद तिथे जमा कर. पास झाली की इथे येईल. तुझ्या जागी."

तुझ्या जागी. त्यांना वाटलं, आशीर्वाद दिला.

मी डायरीत पान आखलं होतं. सरकारी कॉलेज, फी कमी, जागा थोड्या. जळगावचं खासगी कॉलेज, मान्यता पक्की, फी जड, पण फेरीतून जागा मिळाली तर शिष्यवृत्ती. धुळ्याचं कॉलेज, अर्धी फी, पण मॅनेजमेंटची सीट, म्हणजे शिष्यवृत्ती नाही. आकडेमोड केली तर मॅडमची सवलत सगळ्यात महाग पडत होती. आणि मान्यतेच्या रकान्यात तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. रिकामा रकाना मला सहन होत नाही.

मुलीचं मात्र ठरलं होतं. तिच्या दोन मैत्रिणी तिथेच चालल्या होत्या. "मम्मी, सीट हातात आलीय आणि तू रकाने काय भरतेस?" मग मलाही वाटलं, दुसरीकडे आपल्याला कोण विचारतं. कागद घेतले. एरंडोल, पारोळा करत एसटीने धुळ्याला गेलो.

काचेची इमारत. कारकुनाने मार्कशीट, जातीचा दाखला, सगळे ओरिजिनल कागद घेतले आणि कपाटात टाकले. सचिव साहेब बाहेर गेले होते. म्हणाला, "तोवर आमचं हॉस्पिटल बघून या."

नर्सिंगच्या मुली शिकतात त्या कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयात. म्हणून ते बघणं गरजेचं असतं. मुलगी म्हणाली, "मम्मी, केवढं स्वच्छ आहे!"

स्वच्छ होतं. रांगेने खाटा, पांढऱ्या चादरी. मी कचऱ्याच्या डब्यांचं झाकण उघडलं. जुनी सवय. चालत्या वॉर्डात पिवळा डबा सकाळी दहापर्यंत भरतो. रक्ताचे बोळे, ड्रेसिंग. लाल डब्यात सलाइनच्या नळ्या. इथे पिवळा डबा रिकामा. लाल रिकामा. तळाला डाग नाही. गादीवरची चादर उचलली, खाली कारखान्याचं प्लास्टिक तसंच. टेबलावरच्या रजिस्टरात मात्र ओळीने पेशंटची नावं. ताप. जुलाब. ताप.

इथे खाटा नेसवून उभ्या केल्या होत्या. जशी मला केली होती.

*

सचिव साहेब, म्हणजे मॅडमचे दीर, खुर्चीत येऊन बसले. बाहेर आणखी पालक रांगेत होते. दार उघडंच.

मी विचारलं, "साहेब, यंदाचं मान्यतापत्र बघायला मिळेल?"

"भिंतीवर लावलंय ना."

"ते जुनं आहे. चार वर्षांपूर्वीचं. यंदाचं हवं होतं. नर्सिंग परिषदेचं."

"तुम्ही काय करता, बाई?"

"दवाखान्यात आहे. जळगावला. वहिनींकडे."

त्यांनी फोन लावला. स्पीकरवर. "वहिनी, तुमची सिस्टर आमच्याकडे कागद मागतेय."

"कोण सिस्टर?" मॅडमचा आवाज. "अहो भाऊजी, आमच्याकडची मावशी आहे ती. तिला काय कळतंय? समजावून सांगा."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

साहेबांनी फोन ठेवला. 'तुम्ही'चं 'तू' झालं. "ऐकलंस? तुमच्या लोकांचं हेच. अर्ध्यात द्या, आणि वर हिशोबही द्या."

मी खुर्चीच्या टोकावर बसले होते. ते मला तेव्हा कळलं. मागे सरकले. पाठ टेकली.

"खरं आहे साहेब," मी म्हणाले. "मी सिस्टर नाही. माझी नोंदणी नाही. याच गावातल्या एका ऑफिसात माझ्या बापाने हात जोडून फी भरली होती. तो कागद खोटा निघाला. अकरा वर्षं मी दुसऱ्याच्या नावावर सुया लावतेय. म्हणून विचारते. यंदाचं पत्र दाखवा."

मी मुलीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

"नाही दाखवत. काय करशील?"

"मग आमचे कागद द्या."

"जमा झालेले कागद मिळत नाहीत. सीट सोडायची तर वर्षाची फी भर आणि घेऊन जा."

"कागद द्या."

मी उठले नाही. साहेब मोबाइलवर बोलले, चहा प्यायले, शिपायाला म्हणाले, "हिला बाहेर काढ." शिपाई माझ्यापर्यंत येऊन थांबला. तोही आमच्याच वस्तीसारख्या वस्तीतला असावा. बाहेरून कुणीतरी विचारलं, "काय व्हयनं, अक्का?"

मी मान वळवून मोठ्याने सांगितलं, "यंदाचं मान्यतापत्र मागितलं. दाखवत नाहीत. मुलीचे कागदही देत नाहीत."

रांगेत पुढे उभ्या माणसाने हातातलं फीचं पाकीट परत पिशवीत घातलं. त्याच्या मागच्याने त्याला काहीतरी विचारलं. रांगेत कुजबुज सुरू झाली. साहेबांनी ते बघितलं आणि कारकुनाला ओरडले, "दे रे हिचे कागद! तमाशा करायला येतात."

मी एकेक कागद मोजून घेतला. मार्कशीट. शाळा सोडल्याचा दाखला. जातीचं प्रमाणपत्र. पडताळणी. डायरीतल्या यादीवर खुणा केल्या. मगच उठले.

*

पारोळ्यापर्यंत मुलगी कागदांची पिशवी मांडीवर धरून बसली. मग म्हणाली, "मम्मी, तू सिस्टर नाहीस?"

"नाही."

"आबांची ती फ्रेम?"

"खोटी."

"मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं." ती खिडकीकडे सरकली. आमच्या मधल्या जागेत तिने कागदांची पिशवी ठेवली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला कामावर येऊ नको म्हणून निरोप पाठवला. अकरा वर्षं एका निरोपात संपली. आता मी एका धर्मादाय दवाखान्यात आहे. चादरी मोजते, डबे रिकामे करते. कामाचं नाव मावशी आणि कामही मावशीचंच. गल्लीतले लोक अजून हाक मारतात, "सिस्टर, घरी येऊन सलाइन लावून द्या." मी नाही म्हणते. त्यांना वाटतं, गर्व चढला. फ्रेम मी भिंतीवरून काढली. खिळ्याभोवती पांढरा चौकोन राहिला आहे. मुलगी तिकडे बघत नाही. माझ्याकडेही नाही.

पहिल्या फेरीत तिचं नाव लागलं नाही. दुसऱ्या फेरीतही नाही. तिच्या दोन्ही मैत्रिणी धुळ्याला गेल्या. ड्रेस घातलेले फोटो पाठवतात. शेजारची बाई म्हणाली, "मिळत होतं ते लाथाडलं. आपण काय मोठे लोक आहोत का?" मुलीने ते ऐकलं आणि आत गेली. ताट वाढलेलं तसंच राहिलं. मी एकटीच जेवले. जेवायला हवं, सकाळी ड्यूटी असते.

तिसरी फेरी बाकी आहे. त्यातही नाव लागलं नाही तर ती वर्षभर घरी बसेल, पुन्हा परीक्षा देईल. फॉर्म मी भरीन. प्रत्येक कॉलेजच्या ऑफिसात मी जाईन. हात जोडणार नाही. पत्र मागेन, तारीख वाचेन, रुग्णालयात जाऊन डबे उघडून बघेन. ज्या बाईला मावशी म्हणून हाकललं तीच बाई विचारतेय, असं खुशाल म्हणा. उत्तर द्या.

मुलगी माझ्याशी कायमची बोलली नाही तरी चालेल. तिच्या हातात खोटा कागद पडू देणार नाही.