यापैकी नाही

मी शिकवतो त्या देवरीकडच्या शाळेत प्रेमिलाबाई एका संस्थेचा वाचनवर्ग घ्यायला आली, तेव्हा मला फारशी आशा नव्हती. असे उपक्रम येतात, भिंतीवर बोर्ड ठोकतात आणि जाताना तेवढा बोर्ड ठेवून जातात. बाई गावातलीच सून, बारावी शिकलेली. त्याआधी लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला जायची.

पण तिनं मुलांशी मुलांच्याच बोलीत सुरुवात केली. सुखरामची चंदा शाळेत आल्यापासून तोंड उघडत नव्हती, ती हायवेवरच्या बसच्या पाट्या वाचत सुटली. वर्ग राहणार की जाणार, हे मात्र संस्थेच्या मूल्यमापनावर होतं. प्रगती दिसली नाही तर वर्ग बंद.

धान कापून झालं तेव्हा गोंदियाहून घनश्याम नावाचा भला पोरगा टॅब घेऊन आला. चंदानं उतारा घडाघडा वाचला. उतारा भातशेतीवर, आणि खालचे सगळे प्रश्नही त्यावरच. पावसाळ्यात शेतात काय लावतात? गहू, भात, हरभरा, यापैकी नाही. चंदानं बेधडक 'यापैकी नाही' दाबलं.

"काऊन?" घनश्यामनं विचारलं.

"भात त चुलीवर शिजते. बांधीत धान लावतेत. लिवणाऱ्याले मालूम नसंल."

बाकीच्या मुलांनीही तेच दाबलं. खिडकीबाहेर कापलेल्या धानाचे पुंजणे रचून उभे होते. घनश्याम ओशाळून प्रेमिलाबाईला म्हणाला, "बात तो सही है, मॅडम. पण उत्तरं वरूनच ठरून येतात, मेरे हाथ में कुछ नहीं."

मी संस्थेला फोन केला. तिकडचे साहेब फार गोड बोलले. पेपर सगळ्या जिल्ह्यांना एकच असतो म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण फोन ठेवण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. महिन्याभरात शेरा आला, अपेक्षित प्रगती नाही.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी बाईनं मुलांकडून एकच गोष्ट घोकून घेतली. पेपरात धानाला भात म्हणायचं.

"हे कायले शिकवता?" मी विचारलं.

"पुढं अडतीन ना, सर."

या पावसाळ्यात शाळा सुटल्यावर चंदा माझ्यासोबत बांधाबांधानं येत होती. चिखलात रोवणीच्या ओळीत प्रेमिलाबाई वाकलेली दिसली. चंदा हरखून थांबली.

"बाई, भात लावून राहिल्या का?"

बाईनं कंबर सरळ केली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग चंदाकडे.

"हो," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.