न ठेवलेला तुकडा

लेक आपल्याशी बोलायचंच टाळतेय, हा भुंगा चार दिवस आईच्या डोक्यातून जाईना. परगावाहून फोन उचलायची, "हो, जेवले" म्हणायची आणि ठेवून द्यायची.

एरवी तिच्या तोंडाला खळ नसे. तीन वर्षांपूर्वी ती पोलादी भागांवर कठीण थर चढवणाऱ्या कारखान्यात लागली. "रंगासारखा लावतात का गं?" आईनं विचारलं होतं.

"छे! रंग खरवडला की निघतो. आम्ही भाग बोरॉनच्या भुकटीत पुरतो, पेटीचं झाकण मातीनं लिंपतो आणि सहा तास भट्टीत ठेवतो. बोरॉन पोलादात मुरतं, थर आतच रुजतो."

थर पातळ राहिला तर झिजतो, फार जाड झाला तर तडकतो. म्हणून प्रत्येक पेटीत त्याच पोलादाचा एक छोटा तुकडा ठेवायचा, नंतर तो कापून भिंगाखाली थर मोजायचा. मोजल्याशिवाय ती तपासणीच्या कागदावर सही करत नसे. भट्टीवरचे काका तिला मास्तरीण म्हणत.

"मास्तरीणबाई, आमचा चहाही भिंगाखाली घालणार का?"

"घालीन की! साखर मुरलीय का बघते."

गेल्या सोमवारी तीच तुकडा ठेवायला विसरली. पेटीत क्रेनच्या ब्रेकच्या चाळीस पिना होत्या. थर मोजायचा तर त्यातली एक कापावी लागणार, आणि एक कमी का, हे साहेबांना सांगावं लागणार. काका म्हणाले, "आदल्या पेटीचा आकडा लिही. भुकटी तीच, भट्टी तीच." पण भुकटी तीच होती, याचीच तिला धास्ती होती. वापरून वापरून भुकटीचा जोर उतरतो, थर पातळ राहतो.

संध्याकाळी तिनं आईला फोन केला. "आई, क्रेनखाली माणसं उभी असतात गं. काय करू?"

"लिहून टाक," आई म्हणाली. "नोकरी कायम व्हायला दोन महिने राहिलेत. आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?"

लेकीनं आदल्या पेटीचा आकडा लिहिला आणि सही केली.

आज दुपारी काकांचाच फोन आला. अडीअडचणीला म्हणून त्यांच्याकडे आईचा नंबर होता.

"ताई, पोरीचं काही बिनसलंय का? कागद न बघताच सह्या करते. मी चेष्टा केली, आज भिंग सुट्टीवर का म्हणून. तर म्हणते, आणा काका, कुठे करायची सांगा."

आईनं विचारलं, "त्या पिना गेल्या का हो?"

"उद्या सकाळी गाडी भरणार."

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात भांडी घासायला लागली. नोकरी जाईलही. पोर घरी येऊन बसेल, चार लोक चार प्रश्न विचारतील. विचारू देत. पण 'लिहून टाक' हे शब्द आपले होते. ते परत घ्यायचे तर आपणच घ्यायला हवेत, आणि आजच.

तिनं हात पुसले आणि लेकीचा नंबर लावला.