न शिवलेले ब्लाउजपीस

आमच्या ह्यांना देशाची काळजी फार. घरातली गॅसची शेगडी चार दिवस फुरफुरत होती ती दिसली नाही, पण बाजारात मंदी आहे हे त्यांना सकाळी दात घासतानाच कळतं. मोताळा तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करून रिटायर झालेला माणूस. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज पुढे सरकवले, आता स्वतःचे सरकवतात. दरवर्षी थंडी पडली की पेपरात येतं, बजेटसाठी नागरिकांनी आपल्या सूचना पाठवाव्यात. लोक ते वाचतात आणि त्याच पेपरावर पोह्यांची प्लेट ठेवतात. हे मात्र चष्मा पुसून वही काढतात.

एका वर्षी सूचना होती सरकीच्या तेलाची. "कापूस मोताळ्याचा, सरकी मोताळ्याची, आन् कढईत तेल समुद्रापल्याडचं? सारा पैसा बाहीर जाऊन राह्यला," असं म्हणत त्यांनी डबाभर सरकीचं तेल आणून ठेवलं. हिवाळाभर मी त्यात भाज्या केल्या. वाईट नव्हत्या, पण प्रत्येक घासाला देशाचा फायदा ऐकावा लागला तर वांग्याची भाजीसुद्धा कडू लागते. पुढच्या वर्षी म्हणे लग्नात डीजे बंद करा आणि बँड लावा, डीजेवर दोन माणसं जगतात, बँडवर वीस. ही सूचना मला पटली होती, पण मी तोंडानं कबूल केलं नाही. दिल्लीहून उत्तर कशालाच आलं नाही. मी म्हणायची, "पालथ्या घड्यावर पानी." ते म्हणायचे, "घडा पालथा हाये हे त्यायले कोनीतरी सांगाले पायजे."

तिसऱ्या वर्षी त्यांची नजर माझ्या पेटीवर गेली आणि तिथून आमचं बिनसलं.

आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, वास्तुशांती असो, आहेरात माणसाला टॉवेल-टोपी देतात आणि बाईची ओटी भरून ब्लाउजपीस. तो पीस सहसा कोणी शिवत नाही. तो पेटीत जातो आणि पुढच्या लग्नात दुसरीच्या ओटीत पडतो, तिथून तिसरीच्या. पथ्य एकच, ज्या घरून आला त्याच घरी परत जाऊ द्यायचा नाही. म्हणून आम्ही बायका पिसाच्या कोपऱ्यात बॉलपेननं बारीक लिहून ठेवतो, कोणाकडून आला ते. माझी एकदा चूक झाली होती. उंद्रीच्या चुलत जावेनं दिलेला पीस मी तिलाच, तिच्याच सुनेच्या डोहाळजेवणात दिला. कोपऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'उंद्रीची जाऊ'. तिनं तो चारचौघींत मोठ्यानं वाचला. त्यानंतर दोन वर्षं ती माझ्याशी धड बोलली नाही.

तर एका दुपारी मी पेटीत पीस लावत बसले होते आणि हे दारात उभे राहून बघत होते.

"अवं, हे पीस किती वर्सांपासून फिरून राह्यले?"

"मले काय माहीत."

"हेच त म्हनतो मी. माल फिरते, पन कोनाच्या कामी येत नाई. दुकानदाराले वाटते खपला, गिरणीले वाटते खपला, आन् खरं पायलं त पेटीत पडेल हाये. साऱ्या देशातल्या बायकायनं आपापल्या पेट्या उघडल्या आन् पीस शिवाले टाकले, त गल्लीगल्लीतल्या टेलरले काम. सुताले गिऱ्हाईक, हुकाले गिऱ्हाईक, कापसाले गिऱ्हाईक."

"आन् मंग लग्नात काय देऊ? तुमची सूचना?"

'गल्लीगल्लीतल्या टेलरले काम' म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कोण होतं ते मला ठाऊक होतं. आमच्या भिंतीला भिंत लावून एक टेलरबाई राहते. नवरा लवकर गेला. पायमशीनवर ब्लाउज शिवून शिवून तिनं पोरीला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं. पूर्वी सणासुदीला तिच्याकडे बायका ओट्यावर बसून नंबर लावायच्या. आता मशीनवर कापड झाकलेलं असतं. रोज चार वाजता ती आमच्याकडे चहाला येते. येताना कधी कढीपत्ता, कधी दोन लिंबं. बोलणं कमी, पण कप विसळून ठेवल्याशिवाय जात नाही. माझी सख्खी बहीण इतकी जवळची नसेल. त्या थंडीत एक दिवस चहाची बशी खाली ठेवत ती म्हणाली, "काकू, मशीन इकून टाकावं म्हन्ते. पुण्याले एका मेसमंदी पोया लाटाले बाई पायजे हाये."

मी विचारलं, "आन् घर?"

"कुलूप लावीन."

मी हातातला कप खाली ठेवला. ह्यांनीही पेपर बाजूला ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी त्यांची सूचना लिहून तयार. आता ती मोबाइलवर भरायची असते. त्या रकान्यात ठरावीक अक्षरांच्या वर काही मावत नाही. ह्यांनी लिहिलेलं चार पानं. दोन दिवस बसून कापत होते. आधी प्रस्तावना गेली, मग कापूस गेला, मग हुक गेले. शेवटी राहिलं ते असं की आहेरात आलेलं कापड शिवून वापरावं. "एवढ्यात सरकारले काय समजन?" म्हणून ते हिरमुसले. मी म्हटलं, "सरकारचं जाऊ द्या. संक्रांतीचं हळदीकुंकू हाये आपल्याकडे. बायकायले सांगा."

मी गमतीनं म्हटलं होतं. हे खरंच आले. हळदीकुंकवाच्या दिवशी घर बायकांनी भरलेलं, आणि हा माणूस स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मंदीवर बोलतो. बायका पदराआड हसत होत्या. पण ऐकत होत्या, ते मी पाहिलं. एक म्हणाली, "काका, तुमचं म्हननं बराबर हाये, पन हे आहेराचे पीस शिवन्यासारखे असतात काय? जाळीसारखे पातळ. एका धुण्यात रंग जाते." दुसरी म्हणाली, "अस्तर लावा, मंग शिलाई द्या. त्यापेक्षा बाजारात तयार भेटते." आणि तिसरीनं माझ्याकडे बघून विचारलं, "काकू, तुमची पेटी उघडली काय पयले?"

टेलरबाईलाही मी तिळगुळाला बोलावलं होतं, ती दाराशी बसली होती. तिनं हातातल्या तिळगुळाकडे बघितलं, वर बघितलं नाही.

बायका गेल्यावर आमचं वाजलं. ते म्हणाले, "उघड पेटी." मी म्हटलं, "काऊन?" ते म्हणाले, "देशासाठी." मी म्हटलं, "देशानं पयले त्याची पेटी उघडावी." मग माझंही तोंड सुटलं. पुढच्या महिन्यात उंद्रीला जावेच्या नातवाचं लग्न, मानाच्या बायका सहा, एवढ्या सगळ्यांना काय हातावर गूळ ठेवू? लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि मी काय तुमच्या ब्रह्मज्ञानाचा प्रयोग? ते भांडत नाहीत, हीच तर त्यांची खोड. नुसतं एवढं म्हणाले, "बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक येऊन राह्यलं तिच्याकडे, मशीन पाहाले." आणि ओट्यावर जाऊन बसले.

बाजार परवावर होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती आली नाही. कुठे बाहेर गेली असेल म्हणून मी चहा झाकून ठेवला. तो गार झाला. मग काय मनात आलं कोण जाणे, मी पेटी ओढून उघडली. रागानंच उघडली. म्हटलं बघू तरी, ह्यांच्या देशाला काय मिळायचं यातून. एकेक पीस काढून बाजूला ठेवत गेले. खरंच जाळी. आरपार माझी बोटं दिसत होती. हे कापड अंगावर घालायला केलेलंच नव्हतं, द्यायला आणि घ्यायला केलं होतं. ह्यांची सूचना तिथल्या तिथे बाद झाली, आणि मला आनंद व्हायला पाहिजे होता.

तळाशी एक पीस जड लागला. उलगडला तर चांगला घट्ट विणीचा टू बाय टू, जांभळ्या रंगाचा, आणि घडीच्या आत त्याच रंगाचं अस्तर. कोपऱ्यात माझं अक्षर, 'शेजारची टेलरबाई, मुलाचं लग्न'. माझ्या मुलाच्या लग्नात तिनं दिलेला आहेर. तिनं कापड निवडून, अस्तर जोडून दिलं होतं, कारण हा पीस मी तिच्याकडे शिवायला आणीन असं तिला वाटलं असेल. मी त्याची घडीसुद्धा उलगडली नव्हती. नाव लिहून इतरांत टाकून दिला होता, कोणाच्या तरी ओटीत घालायला.

आता खरं सांगते, लपवण्यात अर्थ नाही. तेव्हापासून मी तिच्याकडे एकही ब्लाउज टाकला नव्हता. आठवडी बाजारात तयार ब्लाउज मिळतात, स्वस्त पडतात, माप देण्याची कटकट नाही. मी तेच घ्यायची. ती आमच्याकडे यायची तेव्हा मी खांद्यावरून पदर घट्ट ओढून बसायची, म्हणजे तिला शिवण दिसू नये. मी तिला रोज चहा दिला, काम दिलं नाही. मंदी कोण आणतं म्हणून हे दिल्लीला विचारत होते, आणि आणणारी त्यांना रोज जेवायला वाढत होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी त्या पसाऱ्यात तशीच बसून राहिले.

बाजाराच्या दिवशी सकाळी हे अंघोळीला गेले आणि मी तो जांभळा पीस घेऊन भिंतीपलीकडे गेले. मशीनवरचं कापड काढलेलं होतं. तिनं मशीन पुसून, तेल घालून ठेवलं होतं, मुलगी दाखवायची असावी तशी. मी पीस तिच्या हातात दिला. तिनं घडी ओळखली. अस्तर चाचपून पाहिलं.

"हे शिवाचं हाये," मी म्हटलं. "आन् उंद्रीच्या लग्नात मानाच्या बायका सहा. त्यायले मले पीस द्यायचे नाईत, शिवलेले ब्लाउज द्यायचे हायेत. माही जाऊ त्यायचे मापाचे ब्लाउज धाडन. कापड तू निवड."

तिनं पीस मांडीवर ठेवला. तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मी चोरून तयार ब्लाउज घालत होते वं. चार वर्सं झाली."

"माहीत हाये मले, काकू," ती म्हणाली. "तुमच्या दोरीवर वाळत राह्यतात ना. माह्या खिडकीतून दिसतात."

चार वर्षं. रोज ती दोरी बघून ती माझ्या घरी येत होती, लिंबं घेऊन, आणि माझ्यासमोर बसून चहा पीत होती.

"मंग बोलली काऊन नाईस?"

"बोलली असती त तुमाले लाज वाटली असती," ती म्हणाली. "मंग तुमी चहाले बोलावलं नसतं."

ती उठली. खुंटीवरचा टेप काढून गळ्यात घातला, कोनाड्यातली जुनी मापांची वही काढली आणि माझं पान शोधलं. ते मिळालं. पण वहीत बघून तिचं समाधान होईना. "तुमी वाळल्या हो काकू," ती म्हणाली. "हात वर करा."

मी हात वर केले. तेवढ्यात दारात ऑटो थांबला. एक माणूस उतरला आणि तिथूनच म्हणाला, "ताई, ते मशीन पाहाचं होतं."

तिनं माझ्या छातीभोवती टेप धरलेला होता. तोंडात पेन्सिल होती, ती काढली आणि मान न वळवता म्हणाली, "आज नाई जमत भाऊ. मशीन कामात हाये."

तो परत ऑटोत बसून निघून गेला. ती वहीत आकडे लिहीत होती. माझे डोळे भरून वाहत होते, पण हात खाली घ्यायला तिनं अजून सांगितलं नव्हतं, म्हणून मी ते पुसले नाहीत.