पाच मिलिलिटरचं गाऱ्हाणं

पाच मिलिलिटर औषध फरशीवर सांडलं तर किती लांब पसरतं, हे मला बी.एस्सी.ला कुणी शिकवलं नव्हतं. (दोन फरश्या, आणि शिवाय फ्रिजच्या खाली. फ्रिज सरकवावा लागतो.)

बाकी पुष्कळ शिकवलं होतं. संगमेश्वरच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथला पहिला पदवीधर मी. निकाल लागला तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वाडीत घरोघर साखर वाटली होती. आज मी रत्नागिरीत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. थेंब मोजणं हाच माझा धंदा. त्यामुळे आमच्या साडेतीन वर्षांच्या तन्वीला सिकलसेल आहे आणि तिला सकाळ-संध्याकाळ पातळ औषध द्यायचं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सुप्रियाने, माझ्या बायकोने, डोळे पुसले आणि मी म्हणालो, "मापाचं माझ्याकडे लागलं."

डॉक्टर म्हणाले, "माप सोपं आहे हो. पोटात जाऊ दे. हिला साधा ताप आला तरी थेट इथे आणायचं. आणि जंतू लागू नयेत म्हणूनच हे औषध आहे. एक वेळसुद्धा चुकवायची नाही."

हे मी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

आबांना फोनवर सांगणं जास्त अवघड गेलं. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, त्या अडकल्या की हातपाय दुखतात, आणि हे आम्हा दोघांकडून तिच्यात आलंय, असं मी सोपं करून सांगितलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घरात इळे काय कमी होते रे, म्हणून रक्तात आले?"

मी तयारी जोरात केली. भिंतीवर तक्ता लावला. बिनसुईची सिरिंज उकळून ठेवली. बाहुलीला औषध पाजून दाखवलं. बाहुलीने विनातक्रार घेतलं. तन्वीने ओठ असे मिटले की तिथे तोंड होतं याचा पुरावा उरला नाही. जबरदस्ती केली तर तिने गालात धरून ठेवलं, आणि मी तक्त्यावर बरोबरची खूण करायला वळलो तेव्हा माझ्या पाठीवर सोडलं.

मग मी डोकं चालवलं. (आमच्या घरात या वाक्यानंतर सगळे सावध होतात.) दिवस आंब्याचे होते. मी मोठी वाटीभर आमरस घेतला आणि त्यात औषध ढवळलं. तन्वीने अर्धी वाटी खाल्ली आणि ती चिमण्या बघायला निघून गेली. आता उरलेल्या अर्ध्या वाटीत औषध किती? मी हॉस्पिटलातल्या सिस्टरना फोन लावला.

"किती गेलं पोटात?"

"अर्धी वाटी."

"रस नव्हे, औषध."

"तेच विचारतोय."

"तुमचं शिक्षण काय झालंय?"

"बी.एस्सी., केमिस्ट्री."

"वही-पेन घ्या," पलीकडून आलं. मग सिस्टरनी नीट समजावलं. अंदाजाने परत द्यायचं नाही. भरल्या वाटीत कधी मिसळायचं नाही. ताठ बसवायचं, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला धरायची, थोडं थोडं सोडायचं, घशात मारायचं नाही. सगळं पटलं. फक्त त्यासाठी तोंड उघडायला हवं होतं, आणि ते तन्वीच्या मालकीचं होतं.

मे संपताना आबा नातीला बघायला आले. दोन दिवस त्यांनी आमचा तमाशा शांतपणे पाहिला. आबांची शाळा दुसरीत सुटली, पण वाडीच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. कुणाचं लग्न असो, कुणाची म्हैस हरवलेली असो, आबा देवापुढे उभे राहून खणखणीत आवाजात सगळं मांडतात, आणि प्रत्येक मागणीला मागचा गाव एका तोंडाने 'व्हय म्हाराजा' म्हणतो. कॉलेजात गेल्यावर मला याची लाज वाटायला लागली होती. मी मागे, चपलांजवळ उभा राहायचो.

तिसऱ्या दिवशी आबा म्हणाले, "ती पिचकारी हिकडं आण." मग तन्वीला समोर ताठ बसवून, हात जोडून, त्यांनी आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी तन्वी तुझ्या म्होरं बसलीय. तिच्या रक्तात जे काय वाकडा झाला आसंल, ता सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवळात ऐकलेल्या सुरात तन्वी ओरडली.

शेवटच्या 'जा'ला तिचं तोंड चांगलं उघडं राहिलं. आबांनी सिरिंजचं टोक अलगद गालाशी नेलं आणि थोडंसं सोडलं. तिने गिळलं. चार मागण्यांत पाच मिलिलिटर संपलं. चौथी मागणी होती, "हिच्या बापाला थोडी अक्कल दे." तिला तन्वीने सगळ्यांत मोठ्याने साथ दिली. सुप्रियानेसुद्धा.

दोन आठवडे एक थेंब सांडला नाही. मग पेरणीसाठी आबा गावी गेले, आणि त्याच संध्याकाळी तन्वीने हुकूम सोडला, "आधी गाऱ्हाणं."

आबांना फोन लावला तर ते शेतात, रेंजच्या बाहेर. मग मी हात जोडले. घसा साफ केला. आणि माझ्या तोंडून आलं, "हे परमेश्वरा, आपणांस नम्र विनंती करण्यात येते की, माझी कन्या आजारी असल्या कारणाने..."

सुप्रिया स्वयंपाकघरात पळाली. तिचं हसू तिथूनही ऐकू येत होतं. तन्वी मात्र गंभीर होती. "हे गाऱ्हाणं नाय," ती म्हणाली आणि ओठ मिटले.

ती वेळ चुकली. सकाळचीही चुकायला आली. वहीतल्या दोन रेघा माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. शेवटी बाटली बर्फाच्या डब्यात घातली, तन्वीला उचललं आणि आम्ही हॉस्पिटल गाठलं. सिस्टर तरबेज होत्या, पण तन्वीने त्यांनाही तेच सांगितलं, "आधी गाऱ्हाणं." भर बाह्यरुग्ण विभागात, चाळीसेक माणसांसमोर.

सिस्टरनी भरलेली सिरिंज माझ्या हातात दिली. "घाला की मग. आम्ही पण गावच्याच आहोत."

मी इकडेतिकडे बघितलं. बाकावर माझ्याच कॉलेजातले एक प्राध्यापक बसले होते. (त्यांना मी वर्षभर शुद्ध भाषेत नमस्कार करतो.) मग तन्वीकडे बघितलं. ती वाट बघत होती. आबांसारखे हात जोडून.

"बा देवा म्हाराजा," मी म्हटलं. "ही तुझी तन्वी. लहान हाय रे. हिचं हातपाय दुखवू नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तन्वी म्हणाली. आणि तिच्यामागोमाग अख्खा बाक म्हणाला. बीपीवाले, शुगरवाले, प्लास्टरवाले. सगळ्यांत मोठा आवाज प्राध्यापकांचा.

मला भरून आलं. इतकं की मी हात घट्ट जोडले, आणि सिरिंज त्या हातांत होती हे विसरलो. पाचही मिलिलिटर माझ्या चष्म्यावर!

सिस्टरनी दुसरी सिरिंज भरली. या वेळी त्यांनी ती माझ्याकडे दिली नाही. मी नुसता आवाज दिला, बाकाने साथ दिली आणि औषध सरळ पोटात गेलं. तन्वीने पाण्याचा घोट घेतला आणि मला म्हणाली, "बाबा, आता जमलं."

पदवीच्या दिवशीसुद्धा मला इतकं शिकल्यासारखं वाटलं नव्हतं.

ही बातमी आबांपर्यंत माझ्याआधी पोचली. ते म्हणाले, "आता माजा आवाज बसत चाललाय. शिमग्याला देवळात गाऱ्हाणं तूच घाल."

मी विचार करतो म्हणालो. अडचण एकच आहे. मला अजून फक्त पाच मिलिलिटरपर्यंतचीच गाऱ्हाणी येतात, आणि तीसुद्धा हात मोकळे असले तर.